बर्फाचे बूट, गादीची पट्टी आणि मोजपट्टी: घोड्याच्या कंडरेच्या दुखापतीत आठ महिने वापरल्यानंतर

हा अनुभव तीन वस्तूंचा आहे. गोठवलेल्या जेलचे बूट, पायाला गुंडाळायच्या जाड गाद्या व त्यावरच्या लांब पट्ट्या, आणि शिवणकामाची साधी मोजपट्टी. दुखापत पुढच्या डाव्या पायाच्या कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाची. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागे कातडीला लागून जी कंडरा जाते, डॉक्टर जिला एसडीएफटी म्हणतात, ती. सोनोग्राफीत कंडरेच्या मधोमध काळा डाग, म्हणजे आतले धागे तुटलेले. वापर सलग आठ महिने.

निकाल आधीच सांगायचा तर बुटांचं खरं काम पहिल्या आठवड्याचं. गादी-पट्टी दोन महिने रोज लागली आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मोजपट्टी मात्र एक दिवसही बाजूला ठेवता आली नाही. सूज तीन आठवड्यांत बरीचशी उतरते, कंडरेला मात्र नऊ महिने ते वर्ष लागतं. या दोन तारखांमधल्या काळात घोडा ठीक दिसतो, पाय गार लागतो, लंगडणं थांबलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच तो पुन्हा मोडतो.

यातली कोणतीही वस्तू हातात घेण्याआधी काही गोष्टी बघायच्या. घोडा पायावर भार टाकतच नसेल, सांध्याजवळ किंवा घोट्यामागे छोटी का होईना जखम असेल, जखमेतून पिवळसर चिकट पाणी येत असेल, पाय वरपर्यंत खांबासारखा जाड झाला असेल किंवा ताप ३८.५ अंश सेल्सियसच्या वर असेल, तर बूट-पट्टी करत थांबू नका, डॉक्टरला लगेच बोलवा. सांध्यात किंवा कंडरेच्या पिशवीत जंतू गेले की प्रश्न तासांचा असतो. जखम कितीही लहान असो, धनुर्वाताची लस कधी झाली ते तपासा. धनुर्वात घोड्याला फार पटकन होतो. आणि उलट बाजूही सांगतो: मागचे दोन्ही पाय सारखे फुगलेले, गार, दाबल्यावर न दुखणारे आणि दहा मिनिटं चालवल्यावर उतरणारे असतील, तर ती उभं राहून आलेली सूज. तिच्यासाठी यातलं काही नको, फक्त चालवणं हवं.

आता बूट. निओप्रीनचं आवरण, आत चार उभे कप्पे, प्रत्येकात जेलची पिशवी, बाहेरून वेल्क्रोचे पट्टे. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत येतात. पहिले तीन दिवस दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी २० मिनिटं, आणि दोन वेळांमध्ये किमान दोन तास मोकळे. पुढचे चार दिवस तीन वेळा. एका जोडीत हे जमत नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं. पिशव्या अर्ध्या तासात कोमट होतात आणि पुन्हा कडक व्हायला फ्रीझरला कित्येक तास लागतात. जेलच्या पिशव्यांचे निदान दोन संच हवेत.

दोष मोठा आहे आणि तो बनावटीतच आहे. फ्रीझरमधून काढलेली पिशवी दगडासारखी सरळ असते, पाय सरळ नसतो. नळीच्या मागच्या बाजूला ती नीट बसते, पण घोट्याच्या वरच्या खोलगट भागात हवा राहते, आणि हवेतून गारवा पोचत नाही. उपाय सोपा आहे. आधी पाय ओला करायचा, एक पातळ सुती फडकं पाण्यात बुडवून, पिळून पायाभोवती गुंडाळायचं, त्यावर बूट. ओल्या फडक्याने पोकळी भरते, गारवा आत जातो, आणि फ्रीझरची उणे १८ अंशांची पिशवी थेट कातडीला लागून ती भाजण्याचा धोकाही टळतो. शिवाय पिशवी फ्रीझरमधून काढल्यावर पाच मिनिटं बाहेर ठेवली की ती थोडी वाकायला लागते.

खरं सांगायचं तर ठेचलेला बर्फ आणि पाणी भरलेला उंच रबरी बूट याहून सरस काम करतो, कारण पाणी पायाच्या प्रत्येक वळणाला चिकटून असतं. पण घोड्याला त्यात पाय ठेवून उभं राहायला शिकवावं लागतं. पहिल्यांदा रिकामा बूट, मग कोमट पाणी, मग गार पाणी, शेवटी बर्फ. दुखऱ्या पायाच्या घोड्याला हे पहिल्याच दिवशी शिकवायला जाऊ नये. तो दचकून मागे उडाला तर होतं नव्हतं तेही जातं. अशा घोड्याला जेलचा बूट किंवा रबरी पाइपने सोडलेलं गार पाणी बरं. पाइपचं पाणीही २० मिनिटंच, आणि नंतर खुराच्या वरचा भाग टॉवेलने कोरडा करायचा. रोज चार-पाच वेळा ओला राहिला की तिथे कातडी भिजून फुटते, खपल्या धरतात, आणि मग त्याचीच वेगळी सूज येते.

टिकाऊपणाबद्दल: वेल्क्रोत पेंढ्याच्या काड्या अडकून दुसऱ्या महिन्यात पकड सैल झाली. दाताच्या जुन्या ब्रशने काड्या काढल्या की परत धरतं. एका पिशवीची शिवण चौथ्या महिन्यात उसवली आणि जेल गळायला लागलं. ती पिशवी फेकलीच पाहिजे, चिकटपट्टी लावून वापरू नये, घोडा ते चाटतो.

गादी आणि पट्टीवर मात्र सविस्तर लिहायला हवं. गुडघ्याखाली घोड्याच्या पायात स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा, कातडी एवढंच. त्यामुळे पट्टीचा दाब सरळ कंडरेवर येतो, आणि जी पट्टी सूज उतरवते तीच चुकीची बांधली तर कंडरेला नवी इजा करते. गादी दाबल्यावरही अडीच सेंटिमीटर जाड राहिली पाहिजे. उंची पुढच्या पायाला ३० ते ३५ सेंटिमीटर, मागच्या पायाला ३५ ते ४०. पातळ गादी आणि घट्ट पट्टी ही सगळ्यात वाईट जोडी.

पाय स्वच्छ आणि पूर्ण कोरडा करा. एक काडी आत राहिली तर सकाळी तिचा वळ उठलेला दिसतो. गादीची कड नळीच्या आतल्या बाजूला हाडावर ठेवा, कंडरेवर कधीच नाही. तिथून गादी पुढून बाहेरच्या बाजूने मागे न्या, सुरकुती पडू न देता. वरून पाहिलं तर डाव्या पायाला घड्याळाच्या उलट दिशेने आणि उजव्याला घड्याळाच्या दिशेने. पट्टीही त्याच दिशेने. पट्टीचं टोक नळीच्या मध्यावर गादीच्या कडेखाली खोचा, खाली जात घोट्याखालून एक वेढा घ्या, मग वर चढा. प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याची अर्धी रुंदी झाकायची. ओढ पुढच्या बाजूला, नळीच्या हाडावर द्यायची. मागे कंडरेवरून जाताना हात फक्त सोबत फिरतो, ओढत नाही. गादीची वरची आणि खालची कड एक-दोन सेंटिमीटर पट्टीबाहेर दिसली पाहिजे. वेल्क्रो बाहेरच्या अंगाला, आणि पट्टीपेक्षा घट्ट नाही.

झाल्यावर वरच्या कडेतून बोट घालून बघा. एक बोट थोड्या प्रयत्नाने शिरलं पाहिजे. दोन बोटं सहज गेली तर पट्टी रात्रीतून घसरून घोट्यावर गोळा होईल, आणि तो गोळा एका जागी करकचून दाबत राहील. सैल पट्टी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. घसरलेली पट्टी घट्ट पट्टीइतकीच वाईट.

जास्तीत जास्त १२ तासांनी पट्टी सोडायची, पाय हाताने चोळायचा, अर्धा तास मोकळा ठेवायचा, मग पुन्हा बांधायची. सोडल्यावर केसांकडे बघा. केस सगळीकडे सारखे चपटे दिसले तर दाब सारखा होता. कुठे आडवी रेघ, कुठे केस उलटे वळलेले, तर तिथे वेढा चावला आहे. घोडा पट्टी चावत असेल, पाय आपटत असेल, तर तो खोडकरपणा समजू नका, सोडून बघा.

चांगल्या पायालाही पट्टी बांधायची. सगळा भार त्यावर येतो आणि तोही थकतो. भीती फक्त कंडरेची नाही, त्या पायाच्या खुराची आहे. भार सतत एकाच पायावर राहिला तर खुराच्या आतला दाह, म्हणजे लॅमिनायटिस, होऊ शकतो, आणि तो मूळ दुखापतीपेक्षा भयंकर. रोज सकाळी त्या खुराला हात लावून ऊब बघा, घोट्याच्या मागे कडेला बोट ठेवून नाडीचे ठोके बघा. एरवी ते जेमतेम लागतात. जोरात उडत असतील तर डॉक्टरला फोन करा.

मातीचा लेपही वापरून पाहिला. एक सेंटिमीटर जाड थर, वर ओला कागद, मग गादी-पट्टी, १२ तासांनी धुऊन काढायचा. गारवा फार वेळ टिकत नाही, बर्फाची जागा तो घेत नाही. उघड्या जखमेवर तर लावूच नये. आणि एक गोष्ट आवर्जून: चोळायचं गरम औषध लावून त्यावर पट्टी बांधू नका. बंद हवेत तेच औषध कातडी भाजतं, फोड येतात. पाय डागण्याचा सल्लाही अजून मिळतो. ब्रिटनमध्ये १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात डागण्याने कंडरा भरून यायला काही मदत होत नाही असं दिसलं. घोड्याला वेदना मात्र नक्की होते.

मोजपट्टी. गुडघ्याच्या मागे हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथून १२ आणि १८ सेंटिमीटर खाली कात्रीने थोडेसे केस कापून दोन खुणा केल्या. रोज सकाळी पट्टी सोडल्यावर अर्ध्या तासाने, चालवण्याआधी, दोन्ही पायांचा घेर त्याच खुणांवर. पट्टी सोडल्या सोडल्या मोजलं तर दाबलेला पाय मोजला जातो आणि आकडा खोटा येतो. पहिल्या आठवड्यात दोन पायांतला फरक ३ सेंटिमीटरच्या आसपास होता, तिसऱ्या आठवड्याअखेर १, तिसऱ्या महिन्यापासून अर्धा. तो अर्धा तसाच राहिला. भरून आलेली कंडरा थोडी जाड राहतेच, तिला सूज समजून पट्टीने दाबत बसू नये. नियम असा ठेवला: आदल्या दिवसापेक्षा घेर अर्ध्या सेंटिमीटरने वाढला किंवा हाताच्या पालथ्या बाजूला दुखऱ्या पायाची ऊब जास्त लागली, तर त्या दिवशी चाल वाढवायची नाही, आधीच्या आठवड्याच्या मिनिटांवर परत यायचं. आठ महिन्यांत असं तीनदा झालं. तिन्ही वेळा डोळ्यांना काही दिसलं नव्हतं, लंगडणंही नव्हतं.

सोनोग्राफी पहिल्याच दिवशी करून भागत नाही. तुटलेला भाग पहिले काही दिवस वाढत असतो, म्हणून आठवड्याने केलेली खरी पायाभूत धरायची. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी, आणि चालीचा टप्पा बदलण्याआधी तर हवीच. नवीन भरलेले धागे सुरुवातीला आडवेतिडवे आणि कमकुवत प्रकारच्या कोलॅजनचे असतात. मोजून दिलेल्या भाराखालीच ते कंडरेच्या रेषेत लागतात. म्हणून नुसतं बांधून ठेवणंही चूक आणि मोकळं सोडणंही चूक.

डॉक्टरांनी आखून दिलेला क्रम साधारण असा होता: पहिले दोन आठवडे तबेल्यातच, मग हातात धरून दिवसातून दोनदा १० मिनिटं, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढ, दोनदा ३० मिनिटं झाली की तिथेच थांबायचं. तिसऱ्या महिन्याअखेर पाठीवर स्वार घेऊन चाल, पाचव्या महिन्यात सोनोग्राफी बघून ५ मिनिटं दुडकी, तीही सरळ रेषेत. जमीन सपाट आणि घट्ट. खोल वाळू नको, लहान गोल तर नकोच. या काळात घोडा ताजा असतो, एक उडी मारली की तीन महिने गेले. नाकावरून साखळी आणि हातमोजे, दोन्ही रोज. कुरणात मोकळं सोडण्याची घाई हेच पुन्हा मोडण्याचं मोठं कारण.

चंदी पहिल्याच दिवशी कमी केली पाहिजे. काम बंद आणि धान्य चालू राहिलं तर पोटशूळ आणि स्नायू धरण्याचा धोका. सुका चारा शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, पाणी कायम समोर. नालबंदाची पाळी चुकवू नये, पाच-सहा आठवड्यांनी खूर कापलाच पाहिजे, लांब वाढलेल्या टोकाने पायावरचा ताण वाढतो. दुखणं कमी करणारं ब्यूट (फिनाइलब्यूटाझोन) डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतंच, आणि त्यासोबत दुसरं तसलंच औषध नाही, पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. ब्यूट चालू असताना घोडा सरळ चालतो म्हणून मिनिटं वाढवायची नाहीत, ते चालणं औषधाचं असतं.

आठ महिन्यांनंतर गाद्यांपैकी दोन कापूस गोळा होऊन गेल्या. मशिनमध्ये गरम पाण्यात धुतल्या होत्या त्या. बाकीच्या गार पाण्यात, सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवलेल्या, अजून सपाट आहेत. बूट आता दुडकीनंतर २० मिनिटं लागतात, ओल्या फडक्यावरच. पट्टी बंद आहे. मोजपट्टी तबेल्याच्या दाराला खिळ्यावर टांगलेली आहे, आज सकाळचा फरक अर्धा सेंटिमीटर.