ओपनफायरसाठी प्लगिन लिहिलं: माझा अनुभव

फोंड्यातल्या आमच्या विद्यालयात अकरावीची नवी तुकडी आली की ओपनफायर या आमच्या चॅट सर्व्हरवर दीडशेच्या आसपास खाती उघडावी लागतात. दोन वर्षं मी त्याच्या ॲडमिन कन्सोलमध्ये (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं पान), पोर्ट ९०९० वर, एकेक नाव टाकत बसायचो. यंदा चवथीच्या सुट्टीत त्यासाठी ओपनफायरचं प्लगिनच (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम) लिहायला घेतलं. मनापासून सांगतो, हा सर्व्हर अशा कामासाठी फार मोकळा आहे.

जावा येत असेल तर गाभा छोटाच. प्लगिन सुरू होताना चालणारी एक मेथड (कोडचा तुकडा), बंद होताना चालणारी दुसरी, सोबत प्लगिनची माहिती देणारी प्लगिन.एक्सएमएल ही फाइल. या सगळ्याची बांधलेली जार फाइल कन्सोलमधून चढवली की सर्व्हर चालू असतानाच ते कामाला लागतं. खात्यासाठी यूजरमॅनेजर या ओपनफायरच्या खाती सांभाळणाऱ्या भागाला युजरनेम, पासवर्ड, पूर्ण नाव आणि ईमेल द्यायचं. युजरनेम आधीच असेल तर एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, येतं. आमच्याकडे नाईक आणि गावडे भरपूर, त्यामुळे ते पहिल्याच यादीत आलं. मग युजरनेमला रोल नंबर जोडला.

खातं काढताना मात्र सांभाळा. मी एका मुलाचं खातं काढलं, तरी लॅबमधल्या संगणकावर त्याच्या नावासमोरचा हिरवा ठिपका तसाच! लॉगिन झालेलं सेशन, म्हणजे चालू जोडणी, आपण वेगळं बंद करायचं असतं, सेशनमॅनेजरमधून. कोडच्या त्या चार ओळी मी विसरलो होतो.

नुसतं बाहेरच्या प्रोग्रामातून एचटीटीपीने (वेबच्या विनंत्या पाठवून) खाती सांभाळायची असतील तर तयार रेस्ट एपीआय प्लगिन घ्या, तेवढं पुरतं. मला रोल नंबरचा नियम सर्व्हरमध्येच हवा होता. आता एक्सेलची यादी दिली की चहा संपायच्या आत खाती तयार.