जंगलातल्या घाटरस्त्यांवर ७०-३० टायर : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मोटरसायकलला हे टायर बसवून आठ महिने झाले. या काळात गाडी सुमारे नऊ हजार किलोमीटर चालली आणि त्यातले बरेचसे अंतर दाट झाडीतल्या डोंगररस्त्यांवरच कापले गेले. या जातीला ७०-३० म्हणतात, म्हणजे सत्तर टक्के डांबरी आणि तीस टक्के कच्चा रस्ता गृहीत धरून काढलेली नक्षी. बटणे, म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे, मोठी असली तरी एकमेकांना खेटून बसवलेली असतात.

जंगलातला रस्ता एकाच वळणात तीनदा रूप बदलतो. वळणाच्या तोंडाशी ऊन असते, मध्यावर दिवसभर न वाळणारी सावली आणि बाहेर पडताना झाडांनी ढाळलेला पाला. रस्त्यासाठीच्या गुळगुळीत टायरांवर माझी नजर सतत पुढच्या चाकापुढच्या दोन हातांवर खिळलेली असे, त्यामुळे वळण तुकड्यातुकड्यांत घेतले जाई आणि भोवतालचे रान दिसतच नसे. आता नजर वळणाच्या टोकाकडे जाते आणि गाडी नजरेमागे आपोआप जाते. डोंगरांच्या रांगांवर पसरणारी निळसर झाक, जी झाडांनी हवेत सोडलेल्या सुगंधी द्रव्यांमुळेही येते, ती मी याच टायरांवर पहिल्यांदा निवांतपणे पाहिली. माझ्या लेखी हा त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे.

पाला, माती आणि बारीक खडीवर पकड उत्तम आहे. एका उतारावर कुजलेल्या पानांच्या थरावरून पुढचे चाक वीतभर सरकले, पण बटणांनी खालची माती धरली आणि गाडी सावरली. ओल्या, स्वच्छ डांबरावर मात्र हे टायर रस्त्याच्या टायरांपेक्षा कमी पकडतात, कारण बटणांमधल्या खाचांमुळे जमिनीला टेकणारे रबर कमी होते. अशा जागी मी गाडी कमी झोपवतो आणि वेग वळणाच्या आधीच उतरवतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर साधारण चौपट होते, हे घाट उतरताना मनात पक्के असावे. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा ब्रेक, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनच गाडीला धरते तो रोध, वापरणे चांगलेच, पण तो फक्त मागच्या चाकावर येतो, म्हणून पाल्यावर गिअर झटक्याने खाली आणला तर मागचे चाक घसरते.

माझी चूक हवेच्या बाबतीत झाली. कच्च्या वाटेसाठी हवा कमी केली आणि डांबरावर परतल्यावर ती पुन्हा भरायची राहून गेली. त्यानंतरच्या दीडशे किलोमीटरांत हँडल जड झाले आणि गाडी वळणात उशिरा झुकू लागली. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त दुमडते, रबर तापते आणि झीज वाढते. तेव्हापासून निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, मी हवा मोजतो.

झिजेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पुढच्या टायरवरून तळहात एका दिशेने फिरवला तर तो सहज सरकतो, उलट फिरवला की प्रत्येक बटणाची कड बोटांना अडते. करवतीच्या दातांसारखी ही झीज सहा हजार किलोमीटरनंतर जाणवू लागली आणि तेव्हापासून साठच्या पुढे घरघर ऐकू येते. रानातून चाळीसच्या वेगाने जाताना ती विरते आणि पाखरांचे आवाज हेल्मेटमध्येही पोहोचतात.

विकत घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे अवश्य वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३२४ हा २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नव्या टायरचा वरचा थर निसरडा असतो, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर मी सरळ आणि सावकाश चालवले.

मागच्या टायरची मधली बटणे आता झिजेच्या खुणेजवळ आली आहेत. पाऊस सुरू होण्याआधी तो बदलेन आणि पुन्हा याच जातीचा घेईन.