साडेबारा म्हणून विकलेला अकरा इंची कोंगो

गेल्या वर्षी आषाढात मी सिंहगड रस्त्यावरच्या एका गाळ्यातून कोंगोंची (तळहातांनी वाजवायच्या उंच, उभ्या ढोलांची) जुनी जोडी ४२,००० रुपयांना घेतली आणि फसले. पैसे परत मिळालेले नाहीत. आता पुन्हा गणपतीचे कार्यक्रम ठरायला लागलेत. ढोलकी-तबल्यावरून कोंगोकडे वळणारे अनेक जण या दिवसांत जुनी जोडी शोधत असतात, त्यांच्यासाठी हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

आमचा सहा बायकांचा ग्रुप आहे. जुनी हिंदी-मराठी गाणी करतो. मी ढोलकी वाजवते आणि काही गाण्यांना कोंगो. कोंगो आजवर उसने आणायचो. जाहिरातीत लिहिलं होतं, 'इंपोर्टेड कोंगा-तुंबा जोडी, लाकडी, स्टँडसकट.' फोन केला तर माणूस बोलायला फार गोड. मी सांगितलं, मांडवातले कार्यक्रम आहेत, आणि भाचीच्या कॉलेजच्या बँडलाही साल्सा वाजवायला जोडी लागणार आहे. तो म्हणाला, "ताई, ही जोडी सगळ्याला चालते. भजनापासून साल्सापर्यंत. डोळे झाकून घ्या."

तिथेच मी थांबायला हवं होतं. सगळ्याला चालणारी कोंगोंची जोडी नसते.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात सरसकट कोंगो म्हणतात, काही वादक तुंबा म्हणतात. क्यूबात या वाद्याला तुंबादोरा म्हणतात आणि मापागणिक नाव बदलतं. साधारणपणे तोंड ११ इंच असेल तो किंतो, ११.७५ चा कोंगा, १२.५ चा तुंबा. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, क्रम तोच राहतो. रुंबा या क्यूबातल्या नाच-संगीतात खालच्या आवाजाचे दोन ढोल लय धरून बसतात आणि किंतो नाचणाऱ्याशी बोलतो. त्यामुळे किंतोचा आवाज चढा आणि कोरडा लागतो. साल्सातला 'तुंबाओ' हा ठेका एका कोंग्यावरही वाजतो. तळवा, बोटं आणि मधे स्लॅप (चटकदार थाप) अशी आतली हालचाल चालू असते आणि आवर्तनाच्या शेवटी दोन मोकळे आघात येतात. सगळी मजा त्या दोन आघातांत आहे. ते भरीव आले नाहीत तर नाचणाऱ्याचं पाऊलच पडत नाही.

आमच्या गाण्यांचं गणित आणखी वेगळं. वरच्या पट्टीत ढोलकी असतेच, त्यामुळे किंतो घेतला तर दोघांचे आवाज एकमेकांवर चढतात. मला हवा होता खालचा, घुमणारा तुंबा आणि त्याच्या वरचा कोंगा, दोघांत साधारण सा आणि मध्यम एवढं अंतर ठेवता येईल असे. आणि मांडवासाठी खरं तर लाकडीपेक्षा फायबरचे बरे. फायबरचा आवाज टणक आणि लांब जाणारा, उघड्यावर टिकतो. लाकडाचा गोल आणि मऊ, तो स्टुडिओत किंवा भरत नाट्य मंदिरासारख्या बंद सभागृहात खुलतो. भाद्रपदातल्या दमट हवेत चामडं उतरतं, म्हणून बाहेरच्या कार्यक्रमांना चामड्याऐवजी सिंथेटिक हेड बसवून घेणारे वादक पुष्कळ आहेत. हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला फक्त तीन नावं माहीत होती, आणि त्या माणसाने मला नावंच विकली.

गाळ्यात पोचले तेव्हा बाहेर पाऊस होता. आत दोन्ही कोंगो स्टँडवर लावलेले, गडद लाल चकचकीत रंग, एका नामांकित परदेशी कंपनीचा पितळी बिल्ला. त्याने स्वतःहून टेप काढली. "मोजूनच देतो ताई, उगाच शंका नको." टेप ठेवली रिमच्या, म्हणजे चामडं आवळून धरणाऱ्या धातूच्या कड्याच्या, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. एकावर साडेबारा, दुसऱ्यावर पावणेबारा. मी दोन्ही आकडे स्वतः वाचले. मग त्याने माइक लावला, मिक्सरवर बेस आणि रिव्हर्ब चढवला आणि वाजवून दाखवलं. छातीत घुमेल असा आवाज आला. मीही चार ठेके वाजवून पाहिले. हाताला चामडं कोमट लागलं. कोपऱ्यात हॅलोजनचा मोठा दिवा उभा होता, तो बंद होता.

हलगीवाले शेकोटीवर हलगी धरतात ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. चामडं तापलं की ताणलं जातं, आवाज खुलतो, आणि गार झाल्यावर पुन्हा उतरतो. क्यूबातही खिळे ठोकून बसवलेल्या जुन्या चामड्यांचे कोंगो आगीजवळ धरूनच सुरात आणत, चामडं आवळायचे बोल्ट आणि ते अडकवायचे लग नंतर आले. पावसाळी दुपारी कोमट चामडं कशामुळे असेल, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "जुन्या वस्तूचं कसलं बिल, ताई? घरचंच समजा."

घरी आणून दुसऱ्या दिवशी वाजवले तर दोन्ही थंड पडलेले. बोल्ट आवळत गेले तसा आवाज चढत गेला, खाली घुम काही येईना. सैल केलं की नुसतं फदफद. आठवडाभर मी स्वतःच्या हातालाच दोष देत होते. शेवटी ओळखीच्या काकांना बोलावलं. त्यांची ३० वर्षं ऑर्केस्ट्रात कोंगो वाजवण्यात गेली आहेत. त्यांनी दोन आघात केले आणि म्हणाले, "हा तुंबा नाही गं. टेप आण."

त्यांनी टेप रिमच्या आत, चामड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धरली. तुंबा म्हणून घेतलेला ११ इंच. कोंगा म्हणून घेतलेला १० इंच. गोल वळलेल्या जाड रिममुळे बाहेरून माप दीड-पावणेदोन इंचांनी वाढलं होतं. उंचीही २८ इंच निघाली. पूर्ण मापाचे कोंगो बहुतेक ३० इंचांचे असतात. म्हणजे माझ्याकडे होता एक किंतो आणि त्याहून लहान एक, नवशिक्यांच्या स्वस्त सेटमधले. यातून तुंब्याचा आवाज निघणं शक्यच नव्हतं, मग मी कितीही रियाज करो.

मग काकांनी धाकटा उलटा केला आणि मोबाइलचा टॉर्च आत घातला. कोंगो खालून उघडाच असतो, त्यामुळे आतलं लाकूड सरळ दिसतं. पोटापासून खालपर्यंत दोन पट्ट्यांच्या जोडावर भेग होती. तिच्यात लाकडाचा भुसा आणि गोंद भरला होता. बाहेरून त्यावर तो लाल रंग मारलेला. बिल्ल्याच्या मागचे स्क्रू नवे आणि त्यांच्या शेजारी जुन्या बिल्ल्याची बुजवलेली भोकं. काका काही बोलले नाहीत, फक्त टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नीट बघून घे."

मी फोन केला. पहिल्यांदा उचलला. "वापरलेली वस्तू आहे ताई, तुम्ही मोजून, वाजवून घेतलीत." खरंच, मापही माझ्यासमोर घेतलं आणि वाजवूनही मीच पाहिलं. त्यानंतर फोन लागलाच नाही, आणि पंधरा दिवसांनी गेले तर गाळ्याला कुलूप. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार केली आहे. पण माझ्याजवळ बिल नाही, जाहिरातीचा स्क्रीनशॉट नाही, यूपीआयच्या नोंदीत 'पेमेंट' एवढंच लिहिलेलं. निदान जाहिरात तेवढी जपून ठेवायला हवी होती. 'कोंगा-तुंबा' हे शब्द त्यात स्पष्ट होते.

तुम्ही जोडी बघायला जाणार असाल तर विकणाऱ्याला आधी सांगा की सगळं ध्वनिवर्धकाशिवाय ऐकणार आहे. गेल्या गेल्या चामड्याला हात लावा. कोमट लागलं तर तासभर बसा, चहा मागवा, गार होऊ द्या, मग वाजवा. टेप स्वतःची न्या आणि रिमच्या आतून मोजा. कोंगो उलटा करू देत नसतील तर तिथून निघा. यूपीआय करताना शेऱ्यात मापासकट वस्तूचं नाव लिहा. आणि घरातून निघण्याआधी, आपण काय वाजवतो त्याला कोणता आवाज लागतो हे कुणा जाणत्याबरोबर बसून ठरवा.

धाकट्याची भेग काकांनी साफ करून पुन्हा चिकटवली. आता ती जोडी भाची शिकायला वापरते, त्यातल्या अकरा इंचीवर तिचा स्लॅप सुरेख येतो. माझ्यासाठी फायबरचा एकच साडेबारा इंची तुंबा बघतो आहोत. येत्या रविवारी कोथरूडला एक बघायला जायचंय, काका बरोबर येणार आहेत.