टेन्शनसाठी तंबाखू: सोडताना गम, पट्टी की गोळी?

‘टेन्शन आलं की तंबाखू लागतेच’ म्हणणाऱ्याला मी खोटं ठरवणार नाही. निकोटिन मेंदूत पोचलं की डोपामाइन या सुखावणाऱ्या रसायनासोबत एन्डॉर्फिन, एन्केफॅलिन ही शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनंही सुटतात. मॉर्फिन जिथे काम करतं तिथेच तीही करतात, म्हणून घडीभर बरं वाटतं. पण साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि बेचैनी सुरू होते. पुढची चिमूट किंवा सिगारेट मुख्यतः हीच बेचैनी मिटवते, घरचा-ऑफिसचा ताण जिथल्या तिथेच राहतो.

मग अफूचाच परिणाम अडवणारी नॅलट्रेक्सोन ही गोळी घ्यावी का? दारू सोडवायला ती वापरतात, पण तंबाखूसाठी झालेल्या चाचण्यांत तिचा ठोस फायदा दिसलेला नाही. शिवाय ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर ती धोक्याची ठरते. हा पर्याय मी बाजूलाच ठेवेन.

खरी निवड निकोटिनचा चघळायचा गम, त्वचेवर लावायची पट्टी आणि व्हॅरेनिक्लिन ही गोळी यांत आहे. पट्टी दिवसभर संथ निकोटिन देते, त्यामुळे सकाळपासूनची चिडचिड कमी होते. मात्र साहेब ओरडल्यावर उसळणारी तलफ तिला आवरत नाही. तिथे गम हवा. सतत चघळू नका, चुणचुण जाणवली की गालात धरा, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको. दोन्ही एकत्र वापरणं एकट्या पट्टीपेक्षा सरस ठरतं. ज्यांची तलफ ताणाबरोबर चढते, त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

व्हॅरेनिक्लिन मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं त्याच जागेवर (ग्राहीवर) अर्धवट काम करते. तलफ कमी होते आणि ओढलेल्या सिगारेटची मजाही. मळमळ होते, विचित्र स्वप्नं पडतात. मन बिघडेल या भीतीने अनेकजण ती टाळतात. पण 2016 साली आठ हजारांहून अधिक लोकांवरच्या ‘ईगल्स’ चाचणीत, ज्यात जवळपास निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होता, असा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही. आणि सिगारेट सुटण्यात ती पट्टीपेक्षा पुढे राहिली. म्हणून आधी गम-पट्टी फसली असेल तर डॉक्टरांकडे हिचीच चौकशी करा. ब्युप्रोपिऑन ही गोळीही आहे, पण फिट येणाऱ्यांनी ती घेऊ नये.

बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांनी चहा-कॉफीही कमी करावी. धूर थांबला की कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं, आणि त्याची धडधड ‘सोडल्याचं टेन्शन’ वाटते. अडलात तर 1800-11-2356 ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.