जुनी मंडळी की स्वतंत्र फेलोशिप?

नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबापुढे हा प्रश्न लवकरच उभा राहतो. एकीकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मराठी मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या, तेव्हापासून बिशप, पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू), कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी आणि ठरलेला उपासनाक्रम हे तिचे रूप. दुसरीकडे भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी, एका पास्टरने कष्टाने उभी केलेली फेलोशिप. मी दोन्हीकडे मनापासून वावरलो आहे. तुमच्या भागातले चित्र थोडे वेगळे असू शकेल, तरी माझा अनुभव सांगतो.

उपासनेपुरते पाहिले तर फेलोशिपकडे खूप काही आहे. तुम्ही एकत्र जमता तेव्हा कोणी स्तोत्र आणतो, कोणी शिक्षण, कोणी प्रकटीकरण, असे नव्या करारात प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो. जुन्या मंडळीत हे क्वचितच दिसते. पाळकसाहेब बोलतात आणि बाकीचे छापील प्रतिसाद म्हणतात. फेलोशिपमध्ये धुणीभांडी करणारी बाईसुद्धा उभी राहून साक्ष देते, आणि तिच्या प्रार्थनेने माझे डोळे भरून आलेले आहेत. पण त्याच अध्यायात (१ करिंथ १४) पुढची शिस्तही आहे: अन्य भाषेत (आत्म्याच्या प्रेरणेने, इतरांना न कळणाऱ्या भाषेत) दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावे, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे, संदेश देणाऱ्याचे बोलणे इतरांनी पारखावे. मी गेलो त्या फेलोशिपमध्ये सगळे एकदम बोलत, आणि पारखायला कोणीच नसे. पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळून जाई. पौलाने नेमकी त्याचीच काळजी केली आहे.

गीतांचे म्हणाल तर माझा ओढा उघड आहे. नारायण वामन टिळकांची भजने पेटी-तबल्यावर सुरू झाली की मी दुसरीकडे कुठे रमत नाही. तरुणांना फेलोशिपचा गिटार जवळचा वाटतो, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

माझा निर्णय झाला तो मात्र पुढारपणावरून. वर्षातून एकदा दशमांशाचा (उत्पन्नातून दिलेल्या दहाव्या हिश्श्याचा) आणि अर्पणाचा जमाखर्च वाचून दाखवावा, एवढीच विनंती मी फेलोशिपच्या पास्टरला केली होती. उत्तर मिळाले ते स्तोत्र १०५ मधले: माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे देवाने निवडलेल्यांना, हात लावू नका. पुढच्या रविवारी त्याच वचनावर उपदेश झाला, आणि नंतर चहाच्या वेळी माझ्याशी बोलायला लोक कचरू लागले. ते स्तोत्र मी घरी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात अब्राहाम, इसहाक, याकोब आहेत. संख्येने थोडे, परक्या देशांतून भटकणारे, आणि देव राजांना बजावतो आहे की यांना इजा करू नका. हिशेब विचारणाऱ्या विश्वासणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी ते वचन दिलेले नाही.

उलट नवा करार हिशेबाच्या बाबतीत फार मोकळा आहे. यरुशलेमेत ग्रीक भाषिक विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी तिला बंड म्हटले नाही. मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितली. यरुशलेमसाठी वर्गणी पाठवताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ दिला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलांवरचा (मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यावरचा) आरोप ऐकू नये असे तो आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो, म्हणजे साक्षीदार असतील तर ऐकायचाच. शिवाय तो आणि बर्णबा प्रत्येक मंडळीत एकट्या माणसावर भार न टाकता अनेक वडील नेमत गेले. पेत्र स्वतःला सोबतीचा वडील म्हणवतो आणि कळपावर धनीपणा करू नका असे विनवतो.

जुन्या मंडळीचे सगळे चांगले आहे असे मी म्हणणार नाही. कमिटीच्या निवडणुकीत गट पडतात. मिशनच्या जमिनींवरून कोर्टकचेऱ्या चालतात, आणि १ करिंथ ६ वाचणाऱ्याला त्याची लाज वाटावी. चांगले पाळकसाहेब रुळतात न रुळतात तोच त्यांची बदली होते. पण त्याच बदलीमुळे मंडळी कोणाच्या घरची होत नाही. वार्षिक सभेत खजिनदार आकडे वाचतो, आणि मागच्या बाकावरची म्हातारीही उठून विचारते, ‘छपराचे पैसे कुठे गेले?’ त्याला उत्तर द्यावे लागते. स्त्रियांना दीक्षा देऊन पाळकपद मिळते, हीही माझ्या मुलींसाठी जमेची बाजू ठरली.

सगळ्याच फेलोशिप तशा नसतात. काही ठिकाणी वडिलांचे मंडळ चुकणाऱ्या पास्टरला खरोखर अडवते, हे मी पाहिले आहे. तशी फेलोशिप सापडली तर जरूर जा. आधी पुढाऱ्याचे गुण सांगणारा १ तीमथ्य ३ समोर ठेवा. अतिथिप्रिय, पैशाचा लोभ नसलेला, बाहेरच्यांत चांगले नाव असलेला, या गोष्टी व्यासपीठावर दिसत नाहीत. पास्टरच्या शेजाऱ्यांकडे, दुकानदाराकडे चौकशी करा. मग जमाखर्च कधी वाचला जातो ते विचारा. आमची मुले शनिवारी फेलोशिपच्या तरुण सभेला जातात, आम्ही हौसेने पाठवतो. नाव मात्र जुन्या मंडळीच्या रजिस्टरात आहे, आणि दशमांश तिथेच देतो.