पाळी लांबली की दिवस गेले: घरच्या गर्भचाचणी पट्टीचा माझा अनुभव

मेडिकलमध्ये 50-60 रुपयांना मिळणारी गर्भचाचणीची पट्टी गेल्या चार वर्षांत मी निदान दहा-बारा वेळा वापरली असेल. मला पीसीओडी, म्हणजे स्त्रीबीज वेळेवर न सुटण्याचा संप्रेरकांचा विकार आहे आणि माझी पाळी कधी 38 दिवसांनी येते, तर कधी दोन महिने येतच नाही. ज्यांची पाळी ठरलेल्या तारखेला येते त्यांच्यासाठी ही पट्टी चांगलीच आहे, यात वाद नाही. माझ्यासारखीच्या हातात मात्र ती पडते तेव्हा सोबतचा माहितीचा कागद अपुरा ठरतो, आणि हे परीक्षण मी मुख्यतः त्या कागदाविषयी लिहीत आहे.

कागदावर ‘पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून चाचणी करता येते’ असे लिहिलेले असते. पाळी चुकली हे ठरवायला ती कधी यायला हवी होती हे आधी माहीत असावे लागते, आणि नेमके तेच आम्हाला माहीत नसते. गर्भ गर्भपिशवीत रुजल्यानंतरच शरीरात एचसीजी हे संप्रेरक तयार होऊ लागते आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी त्याचे प्रमाण साधारण दुप्पट होते. बाजारातल्या बऱ्याचशा पट्ट्या लघवीत ते दर मिलिलिटरला सुमारे 25 मिलियुनिटपर्यंत पोचल्यावर ओळखतात. पीसीओडीत स्त्रीबीज 14व्या दिवशी न सुटता 30व्या किंवा 40व्या दिवशीही सुटू शकते, त्यामुळे पाळीच्या तारखेवरून दिवस मोजणे निरर्थक ठरते. माझ्या डॉक्टरांनी सांगितलेली रीत सोपी आहे: शेवटच्या संबंधानंतर 21 दिवस झाले की सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करायची आणि ती निगेटिव्ह आली, तरी पाळी न आल्यास आठवड्याने पुन्हा करायची. एवढे एक वाक्य कागदावर छापले असते, तर माझ्या निम्म्या पट्ट्या वाया गेल्या नसत्या.

पहिल्या वेळचा प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. पाळीला 47 दिवस झाले होते, छाती जड वाटत होती, सकाळी मळमळायचे आणि दुपारी दोननंतर डोळे उघडे ठेवणे कठीण जायचे. सासूबाईंनी काही न विचारता माझ्या डब्यात लिंबाचे लोणचे जास्त घालायला सुरुवात केली होती. पहाटे साडेपाचला ड्रॉपरने तीन थेंब टाकले, गुलाबी ओल खिडकीतून हळूहळू वर सरकली आणि सी अक्षरासमोर, म्हणजे पट्टी नीट चालल्याची, एकच रेघ उमटली. पट्टी बेसिनच्या कडेवर तशीच ठेवून मी चहा करायला गेले. अर्ध्या तासाने पाहिले, तर दिवस गेल्याची रेघ जिथे येते त्या टी अक्षरासमोर केसाएवढी, राखाडी, रंग नसलेली दुसरी रेघ होती. ती ओल वाळताना पडलेली रेघ होती आणि पाच मिनिटांनंतर दिसलेले काहीही धरायचे नसते, हे मला दोन दिवसांनी रक्ताच्या बीटा एचसीजी तपासणीचा आकडा 5 च्या खाली, म्हणजे दिवस गेले नसल्याचा, आल्यावर कळले. ते दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नव्हते.

त्याच रक्तातून डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉइडचे काम कळवणारे संप्रेरक) आणि प्रोलॅक्टिन (स्तनात दूध आणणारे संप्रेरक) हेही तपासायला सांगितले. टीएसएच बरेच वाढलेले निघाले. थकवा, वाढते वजन आणि लांबलेली पाळी यांचा मोठा भाग थायरॉइडचा होता. छाती जड होणे, ओटीपोट भरल्यासारखे वाटणे, चिडचिड, झोप येणे ही लक्षणे दिवस गेल्यावरही होतात, पाळी येण्याआधीही होतात आणि संप्रेरके बिघडली तरी होतात, म्हणून केवळ त्यांवरून कोणालाही निवाडा करता येत नाही. थोडाफार अंदाज काळावरून येतो. पीसीओडी किंवा थायरॉइडमुळे होणारे हनुवटीवरचे केस, मानेवरचा काळपटपणा, केस गळणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता हे सारे महिनोन्महिने हळूहळू वाढत आलेले असते. गर्भारपणातली मळमळ मात्र बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि फोडणीच्या वासानेही उसळते. गरोदर नसताना किंवा अंगावर पाजत नसताना स्तनातून दूध येत असेल, तर प्रोलॅक्टिन तपासून घ्यावे.

पीसीओडीमुळे खोटी दुसरी रेघ येते, अशी भीती अनेकींना असते. पीसीओडीत एलएच, म्हणजे स्त्रीबीज सुटायला लावणारे संप्रेरक, वाढलेले असू शकते, आणि एलएच, टीएसएच, एचसीजी यांचा अर्धा भाग सारखाच असतो, म्हणून ही शंका अगदीच निराधार नाही. परंतु 1972 मध्ये अमेरिकेत केवळ एचसीजीचा वेगळा अर्धा, म्हणजे बीटा भाग, ओळखणारी तपासणी तयार झाली आणि आजच्या पट्ट्या त्याच तत्त्वावर चालतात. याबाबत पट्टीला मी पूर्ण गुण देईन. स्त्रीबीज सुटण्याचा दिवस सांगणारी पट्टी मात्र एलएचच मोजते, त्यामुळे आमच्यासाठी ती बेभरवशाची आहे. वंध्यत्वाच्या उपचारांत एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल, तर काही दिवस गर्भचाचणीही फसते.

मागच्या वर्षी मला कसलेच लक्षण जाणवत नव्हते. पाळी नेहमीसारखीच लांबली आहे असे धरून मी पाळी आणण्याच्या गोळ्या लिहून घ्यायला गेले आणि डॉक्टरांनी आधी चाचणी करायला लावली. तो 52वा दिवस होता. मिनिटभरात दोन ठसठशीत गुलाबी रेघा आल्या. तारखेच्या हिशेबाने साडेसात आठवडे होत होते, सोनोग्राफीत साडेपाचच भरले, आणि ठोके दिसायला आणखी दहा दिवस थांबावे लागले. थायरॉइडच्या गोळीची मात्रा त्याच दिवशी वाढवली गेली. मी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणल्या असत्या, तर हे सारे लांबले असते.

महागडी पट्टी घेण्याची गरज मला कधी जाणवली नाही. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात ‘निश्चय’ किट मोफत मिळते आणि तेही हेच काम करते. पाकिटावरची मुदत पाहावी आणि पट्टी पाच मिनिटांनी वाचून टाकून द्यावी. दुसरी रेघ आली आणि एका बाजूला तीव्र दुखू लागले, चक्कर आली किंवा खांदा दुखू लागला, तर गर्भ गर्भपिशवीऐवजी नळीत असू शकतो, तेव्हा त्याच क्षणी दवाखाना गाठावा. आणि रेघ एकच येऊन पाळी तीन महिने आली नसेल, तर पुढची पट्टी आणण्याऐवजी त्या पैशांत टीएसएचच्या तपासणीची भर घालावी.