वारुळावरची अळंबी की विषारी छत्री? खोदून बघा, मगच ठरवा

पावसाने जोर धरला की कोकणात आणि गोव्यात अळंबी निघते. सागाच्या पानांत गुंडाळलेले तिचे वाटे रस्त्याकडेला विकायला येतात. गोव्यात ती रोयणीची अळमी, विदर्भात सात्या किंवा टेकोडे. त्याच दिवसांत शहरातल्या सोसायट्यांच्या हिरवळीवर तेवढ्याच देखण्या छत्र्या उगवतात आणि रानात झाडांखाली आणखी तिसऱ्याच. पहिली चवीने खावी अशी, दुसरी रात्रभर उलट्या करायला लावणारी, तिसरी जीव घेणारी. तिघींचे वरून काढलेले फोटो शेजारी ठेवले तर जाणकारही अडखळेल, कारण खरी ओळख छत्रीखाली आणि मातीत असते.

आधी खायची अळंबी बघू. तिचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. वाळवी चावलेल्या पाल्यापाचोळ्याचे आणि लाकडाचे मऊ पोळे जमिनीखाली रचते आणि त्यावर ही बुरशी पोसते. पावसात त्या पोळ्यातून अंकुर वर येतो, माती फोडतो आणि मग छत्री उघडते. त्यामुळे दांडा जमिनीपाशी संपत नाही. हलक्या हाताने माती बाजूला करत गेलात की तो मुळासारखा निमुळता होत खाली जाताना दिसतो, कधी बोटभर तर कधी हातभर, थेट पोळ्यापर्यंत. छत्रीच्या मधोमध टणक टोक असतं, माती फोडायला त्याचाच उपयोग होतो. खालचे पापुद्रे कोवळेपणी पांढरे असतात, पुढे त्यांच्यावर फिकट गुलाबी झाक येते, आणि ते दांड्याला चिकटलेले नसतात.

इथे दोन समज आधीच बाजूला ठेवायला हवेत. पहिला असा की जमिनीवर वारूळ दिसलं तरच अळंबी खरी. वाळवीचं घर बऱ्याचदा पूर्ण जमिनीखाली असतं आणि वर सपाट माती दिसते. उलट, वारुळाच्या कडेला भलतीच छत्रीही उगवू शकते. दुसरा समज जास्त घातक आहे: दांड्यावर कडं असेल तर विषारी, नसेल तर खायची. आपल्याकडे खाल्ल्या जाणाऱ्या टर्मिटोमायसिस हाइमीच्या दांड्यावर चांगलं जाड कडं असतं, आणि कितीतरी विषारी छत्र्यांना ते नसतं.

आता हिरवळीवरची. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस हे तिचं नाव. बागा, मैदानं, शेणखत टाकलेल्या जागा हे तिचं राज्य, आणि पुष्कळदा ती गोल रिंगण करून उगवते. छत्री ताटलीएवढी होते, वर तपकिरी खवले असतात, दांड्यावरचं कडं बोटाने वरखाली सरकवता येतं. जुनी झाली की पापुद्रे हिरवट पडतात आणि मग ओळखायला सोपी जाते. अडचण कोवळेपणीची. तेव्हा पापुद्रे पांढरेशुभ्र असतात आणि नेमक्या त्याच वेळी ती खावीशी वाटते. दांडा उपटला तर खाली फुगीर बुंधा निघतो आणि तिथेच संपतो, पुढे मूळ जात नाही. खाल्ल्यावर बहुधा एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. प्रौढ माणूस सहसा वाचतो, पण लहान मुलाच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं.

तिसरी अमॅनिटा, आणि माझ्या मते या सगळ्या लिखाणाचं कारण तीच. तिच्या सगळ्या जाती मारक नाहीत, पण ज्या आहेत त्यांना तोड नाही. बहुतेक जाती झाडांच्या मुळांशी संधान बांधून वाढतात. पापुद्रे पांढरे असतात आणि बहुधा पांढरेच राहतात. दांड्यावर झालरीसारखं कडं असू शकतं. या मारक जातींची सगळ्यात मोठी खूण म्हणजे बुंध्याशी असलेली पातळ पांढरी पिशवी. कोवळी छत्री अंड्यासारखी याच पिशवीत असते आणि ती फाडून बाहेर येते. पण वरून दांडा धरून खुडलात तर पिशवी मातीतच राहते आणि हातात येते ती निरुपद्रवी दिसणारी पांढरी छत्री. म्हणून खुडलेल्या अळंबीवरून कोणी ठाम निर्णय दिला तर तो मानू नका.

तिच्यातलं अमॅटॉक्सिन हे विष उकळल्याने, तळल्याने, वाळवल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही. मग जोरदार उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस आराम पडल्यासारखं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. 2022च्या एप्रिलमध्ये आसामात विषारी अळंबी खाऊन 13 जण दगावले, त्यांत बरेच चहामळ्यांतले लोक होते.

घरी करता येण्यासारखी एक चांगली तपासणी म्हणजे बीजाणूंचा, म्हणजे पापुद्र्यांतून झडणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या, दांडा कापून छत्री पापुद्र्यांच्या बाजूने त्यावर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर राहू द्या. सकाळी टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर येतो, क्लोरोफायलमचा मळकट हिरवा आणि अमॅनिटाचा पांढरा, जो काळ्या बाजूवरच नीट दिसतो. हिरवा किंवा पांढरा आला तर प्रश्न मिटला, फेकून द्या. गुलाबी आला तरी पुढे बघावं लागतं, कारण एन्टोलोमा या गटाचा ठसाही गुलाबी असतो आणि त्यातल्या काही जाती विषारी आहेत. त्यांचे पापुद्रे सहसा दांड्याला टेकलेले असतात आणि खाली लांब मूळ नसतं.

नखाएवढ्या छत्र्यांच्या वाटेला मात्र जाऊच नका. टर्मिटोमायसिसची एक इवलीशी जात झुबक्याने उगवते आणि लोक ती आवडीने खातात, पण तिला ते लांब मूळ नसतं, म्हणजे मुख्य खूणच गेली. तेवढ्याच आकाराच्या, लेपिओटा नावाच्या गटातल्या काही छत्र्यांत अमॅनिटाचंच विष असतं.

चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण किंवा तांदूळ काळे होणं, चिंचेच्या पाण्यात उकळणं, किड्यांनी किंवा गोगलगाईंनी खाल्लेली म्हणजे चांगली, या परीक्षांना काडीचा आधार नाही. मोबाईलच्या अ‍ॅपवरही विसंबू नका. त्याला फोटोतली टोपी दिसते, मातीतली पिशवी दिसत नाही.

मग करायचं काय? गावात वर्षानुवर्षं त्याच जागेची अळंबी काढणारी मावशी किंवा काका असतील तर त्यांच्याबरोबर जा, प्रत्येकीच्या बुंध्याभोवतीची माती हलकेच बाजूला करून मूळ बघा आणि मगच कापा. पण सगळं वारूळ उकरलं तर पुढच्या वर्षी तिथे काही मिळणार नाही. विकत घ्यायची तर ओळखीच्या माणसाकडूनच, आणि मुळासकट पूर्ण दांडा असलेली. नुसत्या टोप्यांचा वाटा घेऊ नका. पहिल्यांदाच खात असाल तर नीट शिजवून, थोडीच. शहरात राहता, ओळखीचं कोणी नाही, पण पावसाळ्यात अळंबीचं सुकं खावंसं वाटतंय? ढिंगरी, म्हणजे लागवड केलेलं ऑयस्टर मशरूम, आणा. वारुळावरच्या अळंबीची चव तिला नाही हे मान्य, पण कांदा-खोबऱ्याच्या वाटणात ती उत्तम लागते. सोसायटीच्या हिरवळीवरची तर कुठल्याही परिस्थितीत नको.

खाल्ल्यावर त्रास झाला तर उलटी थांबायची वाट बघू नका, 108ला फोन करा. किती वाजता खाल्ली आणि किती वाजता त्रास सुरू झाला हे डॉक्टरांना नेमकं सांगा. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास जास्त गंभीर धरतात, पण लवकर सुरू झाला म्हणून धोका टळला असं नाही, कारण एकाच भाजीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना, अजून काही होत नसलं तरी, सोबत न्या. उरलेली कच्ची अळंबी, निवडताना टाकलेले तुकडे, शिजलेली भाजी, जे हाती लागेल ते घ्या. कच्ची अळंबी कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून सडते आणि ओळख पटवणं अवघड होतं.